पुतळ्याला रंग लावण्याआधी पाणी कुठे साचतं ते पाहा

वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. चौकातला पुतळा हिरवा पडला, बागेतल्या लोखंडी शिल्पाला पोपडे आले, आता कोणता रंग लावू? या अंकात अशाच काही निवडक पत्रांना सविस्तर उत्तरं देत आहोत. रंगाच्या डब्याकडे वळण्याआधी आम्ही प्रत्येक पत्रात दोन गोष्टी शोधल्या: धातू कोणता आहे, आणि त्यावर पाणी कुठे थांबतं. बहुतेकांनी त्या लिहिलेल्याच नव्हत्या. पुढच्या वेळी लिहिताना शिल्पाला लोहचुंबक चिकटतं का, बोटाच्या पेराने ठोकल्यावर आवाज कसा येतो आणि पाऊस थांबल्यावर सर्वांत उशिरा कोणता भाग सुकतो, एवढं जरूर कळवा.

प्रश्न: आमच्या गावच्या चौकात ब्राँझचा पूर्णाकृती पुतळा आहे. बसवून वीस-बावीस वर्षं झाली. अंगावर हिरवे-पांढरट ओघळ आले आहेत. समिती दर जयंतीआधी सोनेरी रंग मारते, तो चार महिन्यांत काळवंडतो. यंदा ‘ॲसिडने धुऊन मूळची चकाकी आणून देतो’ म्हणून एक जण दर देऊन गेला आहे. करून घ्यावं का? (उत्सव समितीचे सदस्य, सातारा जिल्हा)

ॲसिडचं काम कृपया थांबवा. फरशी धुण्याचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. त्याने पुतळा एका तासात गुलाबी-पिवळा चमकतो, पण क्लोराइड ओतकामाच्या बारीक छिद्रांत शिरून बसतं आणि कितीही पाणी मारलं तरी निघत नाही. आत तांब्याचं क्लोराइड तयार होतं. हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की त्याची फिकट हिरवी भुकटी होते आणि पुन्हा थोडं ॲसिड सुटतं, ते शेजारचा धातू खातं. हे चक्र आपोआप चालू राहतं. त्यालाच ‘ब्राँझचा रोग’ म्हणतात. एका दिवसाच्या चकाकीसाठी पुतळ्याला हा रोग लावून घेऊ नका.

तुमच्या पुतळ्यावरचा सगळा हिरवा रंग मात्र रोग नाही. पुतळ्यांसाठी आपल्याकडे बहुधा ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५ टक्के असा मिश्रधातू ओततात. उघड्यावर त्याच्यावर आधी तपकिरी ऑक्साइडचा थर येतो आणि पावसाच्या वाटेवर त्याच्यावर हिरवा थर चढतो. हा थर घट्ट, नखाने न निघणारा असेल तर तो धातूचं रक्षणच करतो. त्याला पटिना म्हणतात. खरवडून काढला तर धातूचाच एक पापुद्रा गेला असं समजा, नाकाडोळ्यांची रेघ तेवढी बोथट होते. काळजी करायची ती फिकट, पोपटी-पांढरट, बोटाला लागणाऱ्या भुकटीची. तिची खात्री अशी करा: लाकडी टूथपिकने त्या खड्ड्यातली भुकटी काढून टाका, जागेवर डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेला कापूस ठेवा, वर प्लास्टिक चिकटवा आणि दोन दिवसांनी उघडा. ताजी भुकटी किंवा हिरवे ओले ठिपके परत आले असतील तर रोग चालू आहे. अशा जागांवर बेंझोट्रायाझोलचं स्पिरिटमधलं सुमारे ३ टक्क्यांचं द्रावण वापरतात, पण ते आरोग्याला घातक आहे. ते काम धातू-संवर्धकाकडूनच करून घ्या.

आता सोनेरी रंगाविषयी. त्यात पितळेचा चुरा असतो, तोच चार महिन्यांत काळा-हिरवा होतो. वर्षानुवर्षांच्या थरांनी चेहऱ्याचे बारकावे बुजतात आणि थराखाली पाणी अडकतं. मुंबईचा काळा घोडा आठवा. जोसेफ बोएमने घडवलेला सातव्या एडवर्डचा हा अश्वारूढ पुतळा १८७९ साली बसवला गेला आणि १९६५ मध्ये हलवून राणीच्या बागेत नेला, पण त्या चौकाचं नाव आजही ब्राँझच्या काळसर रंगावरूनच चालतं. गडद तपकिरी-काळा हा ब्राँझचा देखणा आणि खरा रंग आहे. पुतळा सोनेरी दिसला की जास्त आदर होतो, ही समजूत बदलायला हवी असं आम्हाला मनापासून वाटतं.

रंग काढताना सँडब्लास्टिंग (दाबाच्या हवेने खरखरीत कणांचा मारा), ग्राइंडर आणि लोखंडी वायर ब्रश यांतलं काहीही लावू नका. बेंझाइल अल्कोहोलवर आधारित जेल पेंट रिमूव्हर मिळालं तर उत्तम. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असतं. त्याची वाफ घातक असते आणि साधे रबरी हातमोजे त्यात फुगून फाटतात, हे आधी जाणून घ्या. पाठीमागच्या बाजूला १० × १० सेंमीचा तुकडा आधी करून पाहा. जाड थर द्या, वर प्लास्टिक झाका, २० मिनिटांनी बांबूच्या पट्टीने सोडवा, नायलॉनच्या ब्रशने खाचा साफ करा. दोन-तीन फेऱ्या लागतील. चौथऱ्याच्या दगडावर आधी प्लास्टिक अंथरा, नाहीतर हिरवट घाण दगडात कायमची मुरते.

पुढची पायरी धुण्याची. उदासीन साबण (बिनक्षाराचा, बिनसुगंधाचा) लिटरला ५ ते १० मिली घ्या. मऊ ब्रशने खालून वर घासत जा म्हणजे सुक्या भागावर ओघळाचे डाग पडत नाहीत, आणि वरून खाली भरपूर पाण्याने धुवा. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर शेवटची फेरी डिस्टिल्ड पाण्याची किंवा गाळून साठवलेल्या पावसाच्या पाण्याची करा. पुतळा पूर्ण सुकू द्या. मग मेण. मायक्रोक्रिस्टलाइन मेण घ्या. मधमाशांचं मेण नको, कारण त्यातली आम्लं तांब्याशी मिळून हिरवा साबण तयार करतात आणि उन्हात ते चिकट होऊन धूळ धरतं. १०० ग्रॅम मेण पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवा, भांडं विस्तवापासून दूर न्या आणि मगच त्यात ३०० मिली एमटीओ (रंग पातळ करायचं मिनरल टर्पेंटाइन) ओतून ढवळा. विस्तवाजवळ ओतलं तर भडका होतो. दुपारी धातू उन्हाने चांगला कोमट झाला की पातळ हात द्या, तासाभराने सुती कापडाने आणि बुटाच्या ब्रशने घासा, दुसऱ्या दिवशी दुसरा हात. माणसाएवढ्या पुतळ्याला पाव किलोच्या आसपास पेस्ट पुरते. मेणाने फिकट ओघळ गडद होतात आणि पुतळा बराचसा एकसंध दिसू लागतो, हे समितीला दाखवून द्या. गॅसच्या ज्योतीने धातू तापवून गरम मेण लावण्याची पद्धत जास्त टिकाऊ आहे, पण ज्योत एका जागी थांबली तर पटिना करपते. ते ओतकाम करणाऱ्या कारागिराचं काम आहे.

मेण वर्षातून दोनदा लावा: मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि दिवाळीच्या सुमारास. पुतळा प्रत्येक वेळी धुवायचाच.

प्रश्न: आमच्याकडे जयंतीला दुग्धाभिषेक होतो, शेकडो हार पडतात. त्याने पुतळ्याला खरंच काही होतं का? (शिक्षिका, सोलापूर)

पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत असतं. पुतळ्याच्या खाचांत उरलेलं दूध दुसऱ्या दिवशी आंबतं आणि नेमकं तेच घडतं, फक्त इथे कळकतो तो धातू. साखर आणि स्निग्धांशाला धूळ चिकटते, मुंग्या येतात. गुलालाचा रंग मेणात मुरतो.

श्रद्धेचा कार्यक्रम थांबवायची गरज नाही. अभिषेक पादुकांवर किंवा चौथऱ्यावरच्या छोट्या मूर्तीवर करता येतो. पुतळ्यावरच झाला तर त्याच संध्याकाळी साध्या पाण्याने धुवा, सकाळची वाट पाहू नका. हार सुतात ओवलेले घ्या, तारेचे नकोत. लोखंडी तार ब्राँझवर चरे पाडते आणि गंजून तपकिरी डाग सोडते. दुसऱ्या दिवशी एकही हार अंगावर राहू देऊ नका. शिडी पुतळ्याच्या हाताला किंवा तलवारीला टेकवण्याची सवय सर्वांत धोक्याची आहे, तलवारीच्या मुठीजवळचे तडे बहुतेक याच भाराने जातात. कबुतरांची विष्ठाही आम्लधर्मी असते. ती भिजवून काढा, सुकी खरवडू नका.

प्रश्न: समुद्रापासून चारशे मीटरवर नगरपालिकेच्या बागेत एमएस (साध्या पोलादी) पत्र्याचं आणि पाइपचं सुमारे बारा फुटी शिल्प आहे. तीन वर्षांत दोनदा रंगवलं. दोन्ही वेळा रेड ऑक्साइड आणि वर ऑईलपेंटचे दोन हात. दुसऱ्या पावसाळ्यात वेल्डिंगच्या सांध्यांपासून फोड येऊन पोपडे पडतात. चांगल्या कंपनीचा रंग वापरूनही असं का? (बांधकाम विभागातील कनिष्ठ अभियंता, रत्नागिरी)

दोष कंपनीचा नाही. तुम्ही मिठावर रंग लावत आहात. खाऱ्या वाऱ्याने आलेलं क्लोराइड गंजाच्या खड्ड्यांत तळाशी जाऊन बसतं. वरून रंग लावला की ते रंगातून पाणी ओढून घेतं, फोड येतो, आणि फोडाखाली गंज वाढून रंग उचलतो. शिवाय ऑईलपेंटचा थर २५-३० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, दोन हात आणि रेड ऑक्साइड मिळून जेमतेम शंभर मायक्रॉन भरतात. कोकण किनाऱ्याला त्याच्या अडीच-तीन पट जाडी लागते. सांध्यांपासूनच सुरुवात होण्याचंही कारण आहे: धारदार कडेवरून आणि वेल्डिंगच्या खडबडीवरून ओला रंग ताणून मागे सरकतो, तिथे तो सर्वांत पातळ राहतो.

म्हणून सुरुवात ग्राइंडरने करा. वेल्डिंगचे छर्रे काढा, कडा सुमारे २ मिमी त्रिज्येने गोल करा, तुटक टाके मारलेले सांधे सलग भरून घ्या. दोन पत्र्यांमधली फट तशीच ठेवून वरून रंगवली तर सगळं काम वाया जातं. पाणी साचणाऱ्या प्रत्येक खोलगट भागाच्या तळाला १० मिमीचं भोक पाडा. पाइपची तोंडं मात्र पूर्ण बंद करा. अर्धवट बंद पाइप आतून गंजतो आणि ते कळतं तेव्हा हाताने दाबला जाण्याइतका पातळ झालेला असतो.

त्यानंतर, ब्लास्टिंगच्या आधी, संपूर्ण शिल्प गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. हा टप्पा ठेकेदार नेहमी गाळतात. आधी न धुता ब्लास्टिंग केलं तर मीठ पोलादात ठोकून बसवल्यासारखं होतं. ब्लास्टिंग एसए अडीच दर्जाचं (गंज आणि जुना रंग जवळजवळ पूर्ण निघेल असं) करा, पृष्ठभागाची खरखर ५० ते ७५ मायक्रॉन. गार्नेट किंवा कॉपर स्लॅग वापरा. किनाऱ्यावरची वाळू वापरायची नाही: त्यात मीठ असतं, आणि सिलिकाच्या धुळीने कामगाराला सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. ब्लास्टिंगनंतर तासाभरात खड्ड्यांत काळे ठिपके दिसू लागले तर मीठ अजून आत आहे. पुन्हा धुवा, सुकवा, पुन्हा हलकं ब्लास्टिंग करा. कोकणात अशा दोन फेऱ्या गृहीतच धरा.

रंगाची रचना आम्ही अशी सुचवतो: झिंक-रिच एपॉक्सी प्रायमर ६० मायक्रॉन, त्यावर एमआयओ एपॉक्सी (अभ्रकी आयर्न ऑक्साइडचा मधला थर) दोन हातांत मिळून २०० मायक्रॉन, आणि शेवटी ॲलिफॅटिक पीयूचे (पॉलियुरेथेन रंगाचे) दोन हात, प्रत्येकी ४० मायक्रॉन. एकूण साडेतीनशेच्या जवळ. एपॉक्सीवर थांबू नका, उन्हाने त्याची खडूसारखी पांढरी भुकटी होते. पीयू लागतो तो ऊन सोसायला. प्रायमरनंतर आणि मधल्या थरानंतर प्रत्येक कड, सांधा आणि बोल्ट यांवर ब्रशने एक जादा पट्टा ओढा. स्प्रे तिथे पोचत नाही.

किती रंग लागेल? डब्यावर घन भागाची टक्केवारी असते. तिला १० ने गुणून सुक्या थराच्या मायक्रॉनने भागलं की लिटरला किती चौरस मीटर ते मिळतं. ५० टक्के घन भागाचा प्रायमर ६० मायक्रॉनला लिटरमागे ८.३ चौ.मी. जातो. शिल्पावर फवारताना ३५-४० टक्के रंग हवेत जातो, म्हणजे हाती ५ चौ.मी. धरा. तुमचं शिल्प २० चौ.मी. असेल तर प्रायमर ४ लिटर. पुढचे थर याच हिशेबाने काढा आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर जे लिहिलंय तेच ठेवा. ‘लवकर सुकावं म्हणून थोडं जास्त’ असं केलं की थर ठिसूळ होतो.

आणि वेळ. पावसाळ्यानंतर डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहा ते दुपारी चार. धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसू लागते त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी जास्त हवं. रत्नागिरीत हवा २८ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू २४ च्या थोडा वर येतो, म्हणजे पत्रा २७ अंशांच्या वर गेल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही. सावलीतली बाजू सकाळी नऊला अजून २५ वर असते. डोळ्यांना ती कोरडी दिसते, पण हात फिरवला की ओलसर लागते. उलट मे महिन्यात भर दुपारी पत्रा हात ठेववत नाही इतका तापतो, तेव्हा थिनर थरातच उकळून सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात.

ब्लास्टिंगचं मशीन बागेत आणता येत नसेल तर पॉवर टूलने शक्य तितकं धातूपर्यंत या आणि झिंक-रिच प्रायमर वगळा. जस्ताचा कण स्वच्छ पोलादाला टेकला तरच काम करतो, गंजावर त्याचा उपयोग नाही. त्याऐवजी ॲल्युमिनियमयुक्त सरफेस-टॉलरंट (पूर्ण स्वच्छ न झालेल्या पृष्ठभागावरही चालणाऱ्या) एपॉक्सी मॅस्टिकचे दोन हात द्या. कप ब्रशने नुसतं चमकवलेलं तपकिरी तकतकीत लोखंड हे स्वच्छ लोखंड नव्हे, तो घासून गुळगुळीत केलेला गंज असतो.

एक इशारा आवर्जून. जुन्या लोखंडी कामावर तळाशी नारिंगी थर दिसला तर तो शेंदूर असू शकतो. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, पूर्वी गंजरोधक प्रायमर म्हणून तोच लावत. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग ही नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीचं काम संशयास्पदच धरा. असा थर कोरडा घासू नका, बागेत मुलं खेळत असतात. ओलं करून खरवडा, खाली ताडपत्री अंथरा, खपल्या पिशवीत भरून वेगळ्या द्या. पीयू फवारताना कामगाराच्या तोंडावर कापडी मास्क चालत नाही. त्यातल्या आयसोसायनेटने कायमचा दमा जडू शकतो, बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्कच लागतो. निविदेत हे स्वतंत्र ओळ म्हणून लिहा, नाहीतर कोणी देत नाही.

प्रश्न: जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपच्या कमानीवर आणि पक्ष्यांच्या आकृत्यांवर ऑईलपेंट लावला, सहा महिन्यांत सालपटासारखा निघाला. (सोसायटीचे सचिव, पिंपरी-चिंचवड)

जस्तावर ऑईलपेंट कधीच लावू नये. त्यातलं तेल जस्ताच्या क्षारांशी मिळून साबण बनतं आणि रंग त्या साबणावर तरंगत राहतो. सगळा रंग काढा, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने पृष्ठभाग घासा, साबणाने तेलकटपणा घालवा, जस्तासाठी असलेला एच (etch, पृष्ठभाग किंचित खाऊन पकड धरणारा) प्रायमर पातळ लावा आणि वर एपॉक्सी, मग पीयू. ॲल्युमिनियमच्या आकृत्या असतील तर त्यांनाही हाच क्रम लावा, पण शेंदूर किंवा तांब्याचा अंश असलेला कुठलाही रंग नको, त्याने ॲल्युमिनियमला खड्डे पडतात. तिथे लोखंडी बोल्टऐवजी ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे बोल्ट नायलॉनच्या वॉशरसह वापरा.

प्रश्न: आमच्या संस्थेच्या आवारात एका दिवंगत शिल्पकाराचं रंगीत पोलादी शिल्प आहे. लाल रंग फिका गुलाबी झाला आहे. पुन्हा रंगवायचं ठरलं, पण ‘लाल’ म्हणजे नेमका कोणता यावर एकमत होत नाही. एकाने तर निळा सुचवला, नव्या इमारतीशी जुळावा म्हणून. (कला महाविद्यालयातील प्राध्यापक, कोल्हापूर)

निळ्याचा विचार आजच सोडा. रंग हा त्या शिल्पाचा भागच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार कलाकृतीत मोडतोड किंवा विरूपण झालं आणि त्याने कलाकाराच्या लौकिकाला बाधा आली, तर दाद मागता येते. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून साठवणीत टाकलं गेलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ते त्यांना परत द्यायला सांगितलं आणि पाच लाख रुपयांची भरपाईही दिली. कलाकार हयात नसला तरी वारसांना विचारल्याशिवाय एकही हात मारू नका.

मूळ लाल शिल्पावरच कुठेतरी शिल्लक असतो. ऊन न लागलेली जागा शोधा: तळपट्टीच्या खाली, बोल्टच्या डोक्याखाली, दोन पत्र्यांच्या जोडाच्या आत. तिथून नखाएवढी खपली काढून भिंगाखाली तिचा छेद पाहा. थर मोजता येतात, आधीच्या दुरुस्त्या दिसतात आणि सर्वांत खालच्या प्रायमरच्या लगतचा लाल हा बहुधा पहिला. तोही बांधणाऱ्या कंपनीचा तात्पुरता हात नव्हता ना, हे जुन्या रंगीत फोटोंशी ताडून बघा. मग त्याचा आरएएल क्रमांक (रंगछटांच्या प्रमाणित तक्त्यातला क्रमांक) ठरवा. नुसता रंग जुळला म्हणजे काम झालं असं नाही, चमकही जुळायला हवी. बाजारातला पीयू सहसा झगझगीत येतो आणि मॅट शिल्पावर लावला की आकाराच्या कडा विरतात, प्रतिबिंबंच दिसतात. मॅट पीयू मिळतो, पण तो उन्हात लवकर झिजतो आणि हात लागलेल्या जागी तुकतुकीत होतो. अलेक्झांडर काल्डरच्या शिकागोतल्या ‘फ्लेमिंगो’सारख्या (१९७४) मोठ्या लाल शिल्पांच्या संवर्धकांना याच अडचणीशी झगडावं लागतं. लॉस एंजेलिसच्या गेटी संवर्धन संस्थेने म्हणूनच कलाकारांच्या वारसांनी मान्य केलेल्या रंगाचे छोटे पत्रे जतन करायला सुरुवात केली. तुम्हीही तेच करा. १५ × १५ सेंमीच्या चार पत्र्यांवर पूर्ण रंगरचना लावा, शिल्पाशेजारी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी ठेवून पाहा, वारसांची सही घ्या. एक पत्रा अंधाऱ्या कपाटात कायमचा ठेवा. त्याच्या मागे कंपनी, शेड क्रमांक, बॅच, तारीख आणि प्रत्येक थराची जाडी लिहा. वीस वर्षांनी काम करणाऱ्याला याहून मोठी मदत नाही.

प्रश्न: मोठा पुतळा बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतल्या लोखंडी सांगाड्याची काळजी वाटते. काय तपासावं? (ग्रामपंचायत सदस्य, सिंधुदुर्ग जिल्हा)

तुमची काळजी अगदी रास्त आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्याआधी नट-बोल्ट गंजल्याची तक्रार झालेली होती. पुतळा बाहेरून कितीही नवा दिसो, तो उभा असतो आतल्या पोलादावर.

ब्राँझ किंवा तांबं आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना टेकले की लोखंड झपाट्याने गंजतं. समुद्राकाठी हा वेग कैकपट वाढतो. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचं आहे. तिची कातडी जेमतेम २.४ मिमी जाडीच्या तांब्याच्या पत्र्याची आणि आतल्या पट्ट्या लोखंडाच्या. दोन्हींमध्ये लाखेत भिजवलेलं ॲस्बेस्टॉस घातलं होतं. ते झिजलं, पाणी धरून बसलं, पट्ट्या फुगल्या आणि त्यांनी तांब्याच्या पत्र्यातले रिव्हेट उचकटले. १९८४ ते १९८६ मधल्या कामात त्या पट्ट्या ३१६एल स्टेनलेसच्या केल्या आणि मध्ये टेफ्लॉन घातलं.

तुमच्याकडे तपासणीचं झाकण आहे का ते पाहा. नसेल तर चौथऱ्याच्या बाजूने एक तरी करून घ्या. मोबाइलला जोडायचा छोटा एंडोस्कोप कॅमेरा पाणी निघायच्या भोकांतून आत जातो. त्याने पाहायचं: बोल्टवर पापुद्रे, वेल्डिंगच्या रेषेवर भेगा, तळाशी साचलेलं पाणी किंवा ओतकामाच्या गाभ्याची उरलेली माती-प्लॅस्टर. ही माती स्पंजासारखी वर्षभर ओल धरते. बाहेरून पाय, टाच, घोड्याचे खूर या भागांत तपकिरी ओघळ दिसले तर लोखंड आत गंजतंय. लोहचुंबक अंगावरून फिरवा. ब्राँझला कुठे चिकटलं तर तिथे साच्याची लोखंडी पिन राहिली आहे, ती काढून ब्राँझची खुंटी बसवता येते. अँकर बोल्ट आणि काँक्रीट यांचा जोड दर पावसाळ्याआधी संरचना अभियंत्याकडून तपासून त्याची लेखी नोंद ठेवा. बाहेरच्या फटी सिलिकॉनने बुजवताना खालची भोकं चुकूनही बंद करू नका. भोक बंद, आत पाणी, आणि सगळ्यांना वाटतं की दुरुस्ती झाली.

प्रश्न: आमचा दुर्गसंवर्धनाचा गट आहे. गडावरच्या तोफांना काळा ऑईलपेंट द्यावा का? (रायगड जिल्हा)

नको. गड संरक्षित असेल तर केंद्राच्या १९५८ च्या किंवा राज्याच्या १९६० च्या पुरातत्त्व कायद्याखाली परवानगीशिवाय तोफेला हातही लावता येत नाही. आणि ऑईलपेंटने अक्षरं, चिन्हं, ओतकामाच्या खुणा बुजतात, खालचं मीठ मात्र तसंच राहतं. ओतीव लोखंड वर्षानुवर्षं खाऱ्या ओलाव्यात राहिलं की त्यातलं लोखंड झिरपून जातं आणि ग्राफाइटचा मऊ सांगाडा उरतो. आकार शाबूत दिसतो, पण चाकूचं टोक आत जातं. अशा तोफेवर वायर ब्रश मारणं म्हणजे तिचा मूळ पृष्ठभागच उडवणं.

परवानगी घेऊन करता येण्यासारखं पुष्कळ आहे. तोफ मातीतून उचलून दगडी किंवा सागवानी ठोकळ्यांवर ठेवा, नळी किंचित तोंडाकडे उतरती राहील अशी, म्हणजे आत पाणी थांबणार नाही. कानातली (बत्ती द्यायच्या भोकातली) आणि नळीतली पानं-माती काढा. प्रत्येक बाजूचे मोजपट्टीसह फोटो घ्या. गंज स्थिर करायचं काम संवर्धक टॅनिक ॲसिडने करतात. हिरडा आणि हिराकस यांच्या जुन्या शाईत जो काळा रंग धरतो, तोच इथे लोखंडावर धरतो: गंजाचा निळसर-काळा, पक्का थर होतो आणि त्यावर मेण. समुद्रातून काढलेल्या तोफेला मात्र आधी महिनोन्‌महिने क्षारीय द्रावणात ठेवून मीठ काढावं लागतं. ती उघड्यावर सुकू देऊ नका, तडकते.

प्रश्न: स्टेनलेस स्टीलला गंज येत नाही म्हणून तेच निवडलं. वर्षभरात चहासारखे तपकिरी डाग! फसवणूक झाली का? (वास्तुविशारद, नवी मुंबई)

तसं असेलच असं नाही. ३०४ ग्रेड खाडीजवळ डागाळतोच. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, तो जास्त तग धरतो, पण धुवावा त्यालाही लागतो. डाग पाऊस न लागणाऱ्या खालच्या बाजूला जास्त असतील, कारण तिथलं मीठ कधी धुतलं जात नाही. साध्या लोखंडी ब्रशने किंवा त्याच ग्राइंडरच्या चकतीने घासलं असेल तर लोखंडाचे कण रुतून तेच गंजले असतील. ५ ते १० टक्के सायट्रिक ॲसिडचं द्रावण नायलॉनच्या घासणीने लावा, अर्धा तास ओलं ठेवा, भरपूर धुवा. ब्लीच आणि फरशीचं ॲसिड वर्ज्य. त्यानंतर दर तीन महिन्यांनी साबण-पाणी. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं शिकागोतलं ‘क्लाउड गेट’ ३१६एल स्टेनलेसचंच आहे, आणि त्याचा खालचा सहा फुटांचा भाग दिवसातून दोनदा पुसतात.

प्रश्न: कॉर्टेन स्टीलला (स्वतःच्या घट्ट गंजानेच रक्षण होणाऱ्या पोलादाला) रंग लागत नाही म्हणे. पणजीत समुद्राकडे तोंड असलेल्या टेरेसवर शिल्प ठेवायचंय. (गोवा)

कॉर्टेनचा गंज घट्ट होण्यासाठी त्याला भिजणं आणि पूर्ण सुकणं आलटून-पालटून लागतं. गोव्यात चार महिने ते सुकत नाही, आणि उरलेले आठ महिने खारा वारा त्यावर मीठ आणून टाकतो. तिथे तो थर पापुद्र्यांनी सुटत राहतो आणि फरशीवर नारिंगी डाग पाडतो. वर क्लिअर लॅकर मारून उपाय होत नाही, ते ठिकठिकाणी सुटून जास्त वाईट दिसतं. एकतर जागा आत, वाऱ्याआड घ्या, किंवा साधं पोलाद समजून वर रत्नागिरीसाठी दिलेली रंगरचना लावा. तरीही उघडंच ठेवायचं असेल तर जाड पत्रा घ्या, तळ फरशीपासून ५० मिमी उचला, पानं-माती टेकू देऊ नका आणि खालच्या ३० सेंमीत दहा ठिकाणी अल्ट्रासॉनिक गेजने जाडी मोजून दरवर्षी त्याच जागांवर पुन्हा मोजा. वर्षाला ०.१ मिमी घट दिसली तर थर स्थिरावलेला नाही आणि रंग देण्याची वेळ झाली आहे.